पायाखालचं पाणी ऐकणारी पोरगी: पहिली फॅंटसी कादंबरी लिहायला कशी घ्यायची

कॉलेजात जाणाऱ्या एका साध्या पोराला किंवा पोरीला एक दिवस कळतं की आपल्यात काहीतरी वेगळं आहे, अशी कादंबरी लिहायची इच्छा भरपूर जणांना असते आणि बहुतेकांचं गाडं तिसऱ्या-चौथ्या चॅप्टरला अडतं. माझंही अडलं होतं. पहिल्यांदा लिहायला घेतली तेव्हा मी हिरोला उचलून हिमालयातल्या एका गुप्त गुरुकुलात नेऊन टाकला, तिथे आठ सिद्धी शिकवणारे आठ गुरू होते, गुहा होत्या, धुनी होती, आणि चाळीस हजार शब्द झाल्यावर लक्षात आलं की त्या गुरुकुलात सकाळी पोरांना खायला काय मिळतं हेसुद्धा मला सांगता येत नाहीये. ती वही तशीच राहिली.

नंतर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आणि ती मी नवीन लिहिणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आपल्याकडे अशी शक्ती लपून राहत नाही. घरात आजी असते, गल्लीत शेजारी असतात, एसटीत अर्धा गाव असतो. एखाद्या पोरीला काही वेगळं जाणवायला लागलं की तिला न्यायला कुठली गुप्त संस्था येत नाही, आधी आई तिला देवऋषाकडे घेऊन जाते, मग मामा येतो, मग पैसेवाले येतात, मग सायन्सचे सर येतात. दारात कोण कोण येतं आणि कोणत्या क्रमाने येतं, त्यावर आपली कादंबरी उभी राहते. बाकी सगळ्या पायऱ्या याच्या आजूबाजूच्या आहेत.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतोय म्हणजे समजायला सोपं जाईल. कोमल, बारावी सायन्स, माण तालुका, जिल्हा सातारा. तिला जमिनीखालचं पाणी पायाला जाणवतं.

पायरी १: आधी विद्यार्थी, पॉवर नंतर

कागद घ्या आणि तुमच्या विद्यार्थ्याचा एक पूर्ण दिवस लिहा, पॉवरशिवाय. कोमल किती वाजता उठते, पाणी भरायला किती हेलपाटे, टँकर कुठल्या दिवशी येतो, एसटी कुठून पकडते. म्हसवडवरून दहिवडीला जाणारी गाडी गोंदवल्यावरून जाते, तिथे महाराजांच्या दर्शनाला आलेली माणसं चढतात-उतरतात, म्हणजे तिला रोज एसटीत बाहेरगावची माणसं दिसतात. पास असतो पण गाडी वेळेवर येईल याची खात्री नसते, आणि एक गाडी चुकली की प्रॅक्टिकल बुडतं. असं लिहिता लिहिता तुम्हाला कळेल की तिला कशाची भीती वाटते, कशाची लाज वाटते, बारावीनंतर तिला घरात कोण काय करू देणार आहे. वडलांनी डाळिंब लावलंय का, ते जळत चाललंय का, डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे का.

हे दहा पानं तरी लिहा. कादंबरीत त्यातलं एखादं पानच येईल, पण बाकीची नऊ नसतील तर पॉवर आल्यावर तुमचं कॅरेक्टर हवेत तरंगायला लागतं.

गावाचं नाव मात्र खोटं ठेवा. आजूबाजूची गावं, रस्ता, नदी खरी ठेवा, म्हणजे म्हसवड, दहिवडी, माणगंगा, शिखर शिंगणापूरची यात्रा हे सगळं जागच्या जागी, आणि मधे तुमचं एक गाव जे नकाशावर नाही. याने खऱ्या गावातल्या कुणालाही हा सरपंच आपणच की काय असं वाटत नाही आणि तुम्हाला विहीर कुठे पाडायची याची मोकळीक मिळते.

पायरी २: एकच पॉवर, आणि ती त्या मातीतली

परंपरेत शक्तींची यादी भरपूर मोठी आहे. अणिमा, महिमा, लघिमा वगैरे अष्टसिद्धी आहेत, पतंजलींच्या योगसूत्रांचा तिसरा पाद म्हणजे विभूतिपाद जवळजवळ सगळा अशा गोष्टींबद्दल आहे, नाथपंथी कथांमध्ये परकायाप्रवेश आहे. हे सगळं वाचा पण सगळं एकाच पोरीला देऊ नका. वाचताना एक गोष्ट मात्र जरूर टिपून ठेवा, पतंजली स्वतःच सांगतात की या सिद्धी समाधीच्या वाटेतला अडथळा आहेत, म्हणजे शक्ती मिळणं ही अडचणीची सुरुवात आहे हा विचार आपल्याकडे फार जुना आहे, तो बाहेरून आणायची गरज नाही.

पॉवर निवडताना स्वतःला विचारा की या जागेत लोकांना सगळ्यात जास्त काय हवंय. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेकडचा माण पर्जन्यछायेत, तिथे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मग माणच्या पोरीला उडता येऊन काय उपयोग? तिला पाणी कळायला हवं. आणि गावात पाणाड्या आधीपासून असतोच, हातात कडुलिंबाची किंवा उंबराची दुबेळकी फांदी धरून रानात फिरणारा, नाहीतर तळहातावर नारळ आडवा ठेवून तो कुठे उभा राहतो ते बघणारा. म्हणजे कोमलला जे होतंय त्याला गावात आधीच नाव आहे, आधीच दर आहे, आणि तो धंदा करणारा एक माणूसही आहे ज्याचं पोट त्यावर चालतं. बघा, पॉवर ठरली तशी भांडणाला एक माणूसही लगेच मिळाला.

आता मर्यादा ठरवा, आणि लिहून ठेवा, नाहीतर वीस चॅप्टरनंतर विसरता. मी कोमलसाठी असं ठरवलंय: अनवाणी असेल तरच कळतं. पाणी आहे एवढं कळतं, किती खोल ते नीट सांगता येत नाही. गोडं की खारं ते कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुष्काळात तिला स्वच्छ ऐकू येतं कारण जमीन शांत असते, पण पाऊस पडला की सगळीकडून एकदम आवाज, पाय ठेवता येत नाही, उलट्या होतात. म्हणजे सगळा गाव पावसाची वाट बघतोय आणि ही एकटी पोरगी त्याला घाबरतीये. ही मर्यादा सापडली त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही कादंबरी पूर्ण होईल.

पायरी ३: वर्ष पक्कं करा

हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. फॅंटसी आहे म्हणून वर्ष मोघम ठेवू नका. मी २०१२-१३ घेतलंय कारण त्या वर्षी माणमध्ये मोठा दुष्काळ होता, म्हसवडला चारा छावणी होती, माणसं जनावरांबरोबर छावणीतच राहायला गेली होती. एकदा वर्ष ठरलं की पंचांग आणि शाळेचं कॅलेंडर दोन्ही शेजारी ठेवा, अर्धा प्लॉट तिथेच तयार मिळतो. २०१२ ला अधिक भाद्रपद होता, म्हणून गणपती उशिरा म्हणजे १९ सप्टेंबरला बसले, लक्ष्मीपूजन १३ नोव्हेंबरला. जूनमध्ये कॉलेज सुरू, ऑक्टोबरात सहामाही, दिवाळीची सुट्टी, डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग, फेब्रुवारीत प्रॅक्टिकल आणि मग पेपर. पूर्व साताऱ्यात जो काय पाऊस व्हायचा तो बराचसा परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरातला, म्हणजे कोमलचा सगळ्यात वाईट काळ नेमका सहामाहीच्या तोंडावर येऊ शकतो, आला नाही तर दुष्काळ आहेच. आणि फेब्रुवारीत जेव्हा तिला सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं तेव्हा तिचे बोर्डाचे पेपर असतात आणि दारात अख्खा तालुका.

वर्ष ठरल्याने काय नाही हेही कळतं. त्या वर्षी गावात बहुतेकांकडे बटणांचे फोन होते, व्हिडिओ व्हायरल होऊन बातमी पसरली असं लिहिलंत तर वाचणारा तिथेच पुस्तक मिटेल. बातमी पसरते ती छावणीतून, आठवडी बाजारातून, दूध घालायला जाणाऱ्यांकडून.

पायरी ४: शोध लागायचा सीन

नवीन माणूस इथे वीज पाडतो, डोळे निळे करतो. करू नका. तीन छोट्या खुणा पेरा आणि प्रत्येक खुणेला एक साधं कारण असू द्या. पहिल्यांदा तिला वाटतं पायाला मुंग्या आल्यात, मांडी घालून बसल्यामुळे. दुसऱ्यांदा वाटतं अशक्तपणा, प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मिळतात. तिसऱ्यांदा बोअरची गाडी गावात येते.

ही गाडी नीट लिहा, कारण हा सीन माणमधल्या माणसाने शंभर वेळा बघितलेला असतो. गाडीवर बऱ्याचदा तमिळनाडूचा नंबर असतो, तिरुचेंगोडकडच्या गाड्या देशभर फिरतात, त्यावरची पोरं तमिळ बोलतात आणि मोडकं हिंदी. रात्रभर घरघर चालते, कोरडं असेल तर नुसता पांढरा धुरळा उडतो आणि अंगणातली माणसं त्याच्याकडे बघत उभी असतात, फुटाचा दर प्रत्येकाच्या डोक्यात चालू असतो. तीनशे फूट झालं, चारशे झालं, कोमल दाराच्या उंबऱ्यावर अनवाणी उभी आहे आणि तिला माहितीये की इथे काही नाही, पण तिथे, बांधापलीकडे, चुलत्याच्या रानात आहे. आणि ती काहीच बोलत नाही. कारण चुलत्याशी कोर्टात केस चालू आहे.

ती गप्प बसली इथे पहिला चॅप्टर संपवा. तिचं गप्प बसणं वाचणाऱ्याला दुसऱ्या चॅप्टरला ओढून नेतं.

पायरी ५: दारात कोण येतं

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. एक वही घ्या आणि प्रत्येक येणाऱ्या माणसाला एक पान द्या. त्याला काय हवंय, तो खरं बोलतो का, आणि त्याचं बरोबर कुठे आहे. हा शेवटचा प्रश्न सोडू नका, ज्याचं काहीच बरोबर नाही असं माणूस कागदावर मरून पडतं.

आई: तिला पोरगी बरी व्हायला हवीय. लग्न ठरताना लोक काय म्हणतील ही तिची भीती, आणि ती भीती खोटी नाही, कारण अंगात येणाऱ्या बाईला लोक पायाही पडतात आणि घरात सून म्हणून घ्यायला मागेपुढेही बघतात.

आजी: तिने बहात्तरचा दुष्काळ काढलाय, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय. तिला यात नवल वाटत नाही. तिचं बोलणं लिहिताना बोली हलकी ठेवा, प्रत्येक शब्द वाकवत बसू नका, एखाद्या ठिकाणी आली की पुरते:

"पोरी, पायताण काढ आन् चाल बघू हिथनं."
"कशाला गं आज्जे?"
"चाल म्हंते न्हवं. मला कळंल तुला काय व्हतंय ते."

निवेदन प्रमाण मराठीत, बोलणं माणदेशी, एवढं ठेवलंत तरी पुणे-नागपूर-बेळगाव कुठलाही वाचक अडखळत नाही. पण त्या भागातल्या एका माणसाकडून संवाद वाचून घ्याच.

देवऋषी: त्याला गिऱ्हाईक हवंय हे खरं, पण गावात रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाला दार उघडणारा तोच एक आहे हेही खरं. म्हातारा पाणाड्या: त्याला पोरीची भीती वाटते. ह्या माणसावर प्रेमाने लिहा, त्याने आयुष्यभर अंदाजावर, झाडं-मुंग्यांची वारुळं-खडक बघून पाणी सांगितलंय, त्यातलं बरंचसं त्याचं निरीक्षण आहे आणि त्यालाच ते माहीत नाही. बोअरचा एजंट: त्याला पोरगी कमिशनवर हवीय. मामा: त्याला मधला माणूस व्हायचंय. आणि एक जण रात्री येतो, जो पाण्याबद्दल विचारतच नाही, तो म्हणतो जमिनीतलं पाणी कळतं तर धनही कळत असेल.

ह्या शेवटच्या माणसाशी आलात की थांबा आणि जबाबदारीने विचार करा. गुप्तधनाच्या नावावर आपल्याकडे खरोखर माणसं मारली गेलीत, पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेली मुलं शोधत फिरणारे लोक होते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड, आणि तो आला तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाल्यानंतर, काही दिवसांत वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा. म्हणजे आपली गोष्ट २०१२-१३ च्या शैक्षणिक वर्षातली असेल तर कोमलच्या सरांच्या हातात हा कायदा नाहीये. त्यांच्याकडे फक्त बोलणं आहे. मला हे फार लागलं जेव्हा तारखा शेजारी ठेवून बघितल्या. तुमच्या कथेत शक्ती खरी असली तरी बाबा-बुवा खरा ठरणार नाही याची काळजी घ्या, कोमलला पाणी कळतं म्हणून अंगारा लावून ताप उतरतो असं होत नाही, आणि हा फरक कथेतूनच दिसायला हवा.

पायरी ६: सरांची चाचणी

सायन्सचे सर व्हिलन करू नका आणि मूर्खही करू नका. ते एकटेच आहेत जे पोरीकडून काही न घेता फक्त विचारतात की खरं आहे का.

चाचणी कशी घ्यायची हे खऱ्या प्रयोगांवरून शिका. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये पाणाड्यांवर एक मोठा प्रयोग झाला, पाचशेच्या आसपास लोकांमधून ४३ जण निवडले, दुमजली कोठारात खाली पाण्याचा पाइप गाडीवर ठेवून इकडेतिकडे हलवायचे आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाने तो कुठे आहे ते सांगायचं. थोड्या जणांनी चांगलं सांगितलं असं प्रयोग करणारे म्हणाले, नंतर आकडे तपासणारे म्हणाले की योगायोगापेक्षा जास्त काही नाही. सरांना एवढं मोठं करायची गरज नाही. दहा मडकी, ओळीत पुरलेली, एकात पाणी. मडकी पुरणारा मुलगा नंतर तिथे थांबत नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावरून कळू शकतं, आणि सरांनाही माहीत नसतं कुठलं. वीस फेऱ्या. आंधळ्या अंदाजाने वीसात दोन बरोबर यायला हव्यात. सहा किंवा जास्त आल्या तर असं नुसत्या नशिबाने शंभरात एखाद्याच वेळी होतं.

मी कोमलला सहा दिल्यात. वीस नाही. वीस दिल्या की प्रश्नच संपतो, दोन दिल्या तरी संपतो. सहा आल्यावर सरांना झोप लागत नाही आणि पुढचे शंभर पानं वाचणाऱ्यालाही.

पायरी ७: शक्तीने नुकसान कुणाचं होतं

शोध घेताना मला याचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकात सापडलं. आपल्याकडचा खडक म्हणजे बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. यात पाणी सलग पसरलेलं नसतं, वरच्या मुरमात, भेगांत, सच्छिद्र थरात, सांध्यांत साठतं आणि ते थोडं असतं. एकाने खाली हात घातला की शेजारच्याच्या विहिरीचं पाणी उतरतं. म्हणजे कोमल पाणी तयार करत नाही. ती फक्त सांगते, आणि ज्याला सांगते त्याला मिळतं ते दुसऱ्या कुणाच्यातरी वाट्यातलं असतं. बोअर खोल खोल जातात. साठ मीटरच्या खाली शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं भूजल अधिनियमात आहे पण तोही अमलात आला २०१४ ला, आपल्या गोष्टीनंतर.

तर सहामाहीपर्यंत ती देवी आहे, आणि मार्चमध्ये गावातल्या एका विधवा बाईची विहीर पहिल्यांदा आटते, जी बहात्तरलाही आटली नव्हती. कोमल त्या विहिरीच्या काठावर पाय सोडून बसते आणि तिला खाली पाणी लांब लांब जाताना ऐकू येतं. ह्या सीनसाठी मी कादंबरी लिहितोय. तुमची पॉवर कुठलीही असो, मन वाचता येणं असो की पुढचं दिसणं असो, ती विहीर शोधा. सापडेपर्यंत लिहायला बसू नका.

पायरी ८: रोजचं काम

साठ हजार शब्दांची कादंबरी पहिल्यासाठी भरपूर झाली. रोज पाचशे शब्द लिहिले तर चार महिने. मोबाईलवर बोलून टाइप केलं तरी चालतं, संवाद तर बोलूनच चांगले येतात, फक्त जोडाक्षरं नंतर तपासा. युनिकोडमध्येच लिहा, जुन्या फॉन्टमध्ये लिहून ठेवलं की नंतर कन्व्हर्ट करताना रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ इकडेतिकडे होतात आणि साठ हजार शब्द परत तपासायला लागतात.

मागचं सुधारत बसू नका. कोमलच्या भावाचं नाव चॅप्टर तीनमध्ये बदललं तर वहीत नोंद करा आणि पुढे जा.

ड्राफ्ट झाला की महिनाभर बंद करून ठेवा. मग तीन जणांना द्या: एक त्या भागातला, एक बारावीतली पोरगी, आणि एक असा ज्याला फॅंटसी अजिबात आवडत नाही. त्यांना आवडलं का विचारू नका, कुठे मोबाईल हातात घेतला ते पान विचारा.

प्रकाशकाकडे पूर्ण हस्तलिखित आणि एक पानाचा सारांश पाठवा, आणि किती दिवसांत कळवाल हे पहिल्याच मेलमध्ये विचारा. माझं एकाकडे नऊ महिने पडून होतं कारण मी विचारलंच नव्हतं. स्वतः काढणार असाल तर आयएसबीएन सरकारकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. कॉपीराइट तर लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, तुमच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं, त्यामुळे लिहिलेलं चोरतील म्हणून लपवून ठेवू नका, वाचायला द्या.

आज रात्री सुरू करणार असाल तर बोअरच्या गाडीच्या सीनसारखा एक सीन निवडा जो तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघितलाय. तुमच्या विद्यार्थ्याला त्या गर्दीत मागे कुठेतरी उभं करा. त्याला एक गोष्ट कळलीय जी बाकी कुणाला माहीत नाही, आणि ती न सांगायला त्याच्याकडे घरातलंच एक कारण आहे. ते कारण काय, हे पहिल्या पाचशे शब्दांत लिहून काढा.